‘घर खाली करा’ म्हणजे नेमके काय?

पुण्यातल्या एका जुन्या वाड्यात दोन खोल्यांत राहणाऱ्या साठीच्या एक बाई काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या. त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवले. त्याच्या कडेला कुंकवाचे बोट उमटले होते, कारण चार महिने ते देव्हाऱ्याच्या फळीखाली होते, न फोडलेले. “हे म्हणाले, उघडलंच नाही तर आल्यासारखं होणार नाही,” त्या म्हणाल्या. पाकिटात घरमालकाच्या वकिलाची नोटीस होती. अठरा महिन्यांचे भाडे थकले आहे, ९० दिवसांत भरा, नाहीतर ताब्यासाठी दावा लावू. ते ९० दिवस केव्हाच सरले होते.

बाईंना वाटत होते की आता कोणत्याही सकाळी कोणीतरी येईल आणि भांडीकुंडी रस्त्यावर काढेल. तसे होणार नव्हते. तसे करायचा अधिकारच कोणाला नव्हता. पण पाकीट न उघडल्यामुळे एक चांगली संधी त्यांच्या हातून गेली होती. भाडेकरूंच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे: ज्याची भीती बाळगायला नको त्याची भीती, आणि ज्याची काळजी घ्यायला हवी त्याकडे दुर्लक्ष. म्हणून हा लेख. तो महाराष्ट्रातल्या राहत्या घरांबद्दल आणि दुकानांच्या गाळ्यांबद्दल आहे. शेतजमिनीच्या कुळांचा कायदा वेगळा आहे आणि गोव्याचा भाडे कायदाही वेगळा, १९६८ चा आहे.

बेदखल करण्याचा अधिकार कोणाचा?

भाडेकरूला जागेतून बाहेर काढणे, म्हणजे बेदखल करणे, हे काम एकटे न्यायालय करू शकते. घरमालक तशी मागणी करू शकतो, वकील नोटीस पाठवू शकतो. पण जागेचा ताबा भाडेकरूच्या इच्छेविरुद्ध घ्यायचा असेल तर आधी दावा, मग पुरावा, मग न्यायाधीशांचा हुकूमनामा आणि शेवटी न्यायालयाचा बेलिफ, याच क्रमाने जावे लागते. मधली एकही पायरी गाळता येत नाही.

यावरून तीन गोष्टी लक्षात ठेवा. नोटीस म्हणजे निकाल नव्हे. नोटिशीतली तारीख उलटली म्हणून घर आपोआप सुटत नाही. आणि पोलिसांना भाडेकरूला घराबाहेर काढता येत नाही. ताब्याचा वाद दिवाणी आहे, तो मुंबईत आणि पुण्यासारख्या शहरांत लघुवाद न्यायालयात चालतो. जिथे लघुवाद न्यायालय नाही तिथे तो दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे जातो.

आधी आपला कागद ओळखा

कोणी विचारले, “मला काढतील का?” तर मी आधी विचारतो, “कागद काय आहे?” भाड्याने राहणारे सगळे कायद्याच्या नजरेत भाडेकरू नसतात.

वाड्यात, चाळीत, पागडीच्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक बहुतेक करून खरे भाडेकरू आहेत. त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे संरक्षण आहे. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी मुंबई, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रासाठी १९४७ चा कायदा होता, विदर्भात १९४९ चा आदेश आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा. आता सगळ्या राज्याला एकच कायदा आहे. त्याचा गाभा सोपा आहे: भाडेकरू ठरलेले भाडे आणि कायद्याने मान्य वाढ देत असेल, द्यायला तयार असेल आणि कराराच्या अटी पाळत असेल, तर कायद्यात दिलेल्या कारणाखेरीज त्याला काढता येत नाही. मान्य वाढ म्हणजे वर्षाला ४ टक्के.

फ्लॅटमध्ये ११ महिन्यांच्या किंवा दोन-तीन वर्षांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा माणूस मात्र परवानाधारक असतो. बोलताना आपण त्यालाही भाडेकरूच म्हणतो, पण त्याचा हक्क करारातल्या तारखेपर्यंतच असतो. मुदत संपल्यावर तो निघाला नाही, तर घरमालकाला साध्या दाव्याच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. राहत्या जागेसाठी तो कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. तिथे परवानाधारकाला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही, तर ताब्याचा आदेश होतो. शिवाय मुदतीनंतर जितके दिवस राहाल तितक्या दिवसांसाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. महिना १५,००० रुपये असतील तर ३०,०००. डिपॉझिट किती लवकर संपते याचा हिशेब यावरून करा.

तिसरा प्रकार मोठ्या भाडेकरूंचा. बँका, सरकारी महामंडळे, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण नाही. त्यांना मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. महिन्यामहिन्याचा भाडेपट्टा असेल, तर १५ दिवसांच्या नोटिशीने तो संपवता येतो. अर्थात त्यानंतरही ताब्यासाठी दावा करावाच लागतो.

कोणत्या कारणांनी ताबा मागता येतो

*भाड्याची थकबाकी.* सगळ्यात जास्त घरे या कारणाने जातात आणि सगळ्यात सहज वाचू शकतात तीही याच बाबतीत. थकबाकीसाठी घरमालकाने आधी लेखी मागणी करावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस थांबावे लागते. त्याआधी दावा करता येत नाही. या ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी भरली, तर हे कारणच उरत नाही. तेही जमले नाही तर कायदा आणखी एक दार उघडे ठेवतो. दाव्याचे समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत थकलेले सगळे भाडे आणि त्यावर दरसाल १५ टक्के सरळ व्याज न्यायालयात जमा केले, दाव्याचा खर्च दिला आणि निकाल लागेपर्यंत दर महिन्याचे भाडे नियमित भरत राहिले, तर थकबाकीच्या कारणावर हुकूमनामा होत नाही. १२,००० रुपये वर्षभर थकले असतील तर त्यावरचे व्याज १,८०० रुपये. घराच्या मानाने ही रक्कम फार नाही.

त्यातला ‘नियमित’ हा शब्द अधोरेखित करा. एका गृहस्थांनी सगळी थकबाकी व्याजासह वेळेत भरली होती. पुढे दावा चालू असताना “आता आपलं झालं” या समजुतीने त्यांनी चार महिने भाडे भरलेच नाही. या संरक्षणावरचा त्यांचा हक्क तिथेच सुटला. नंतर एकरकमी भरायची तयारी दाखवूनही गेलेले दिवस परत आले नाहीत.

*घरमालकाची स्वतःची गरज.* मुलाचे लग्न झाले, जागा पुरत नाही, स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा आहे, अशी खरी आणि वाजवी गरज असेल तर घरमालक ताबा मागू शकतो. ती प्रामाणिक आहे हे त्याने पुराव्याने सिद्ध करायला हवे. मग न्यायालय दोन्ही पारडी तोलते: हुकूमनामा दिला तर भाडेकरूची अडचण जास्त, की नाकारला तर घरमालकाची? दोघांकडे दुसरी जागा आहे का, याचा इथे विचार होतो. कधी कधी जागेचा काही भागच घरमालकाला देऊन दोघांची सोय लावली जाते. भाडेकरूने दुसरी जागा शोधायचा प्रयत्न केला असेल, तर तो दाखवता आला पाहिजे. चौकशा केल्याच्या नोंदी जपा. आणि ताबा घेतल्यावर घरमालक महिनाभरात राहायला आला नाही किंवा वर्षाच्या आत ती जागा दुसऱ्यालाच दिली, तर जुन्या भाडेकरूला ती परत मिळावी म्हणून न्यायालयाकडे दाद मागता येते.

*पोटभाडेकरू, बंद जागा आणि बांधकाम.* करारात परवानगी नसताना जागा दुसऱ्याच्या हवाली केली, तर तो ताब्यासाठी पुरेसा आधार ठरतो. गावी राहून मुंबईची खोली ‘ओळखीच्या माणसाला’ देणाऱ्या अनेकांना हे उशिरा कळते. दाव्यापूर्वी सलग सहा महिने जागा वाजवी कारणाशिवाय न वापरता ठेवली, तर तेही कारण होते. मुलाकडे परदेशी जाणाऱ्या आजी-आजोबांनी याची विशेष काळजी घ्यावी. वीजबिल, गॅसची नोंद, शेजाऱ्यांची साक्ष या गोष्टी वापर दाखवतात. घरमालकाची लेखी संमती नसताना पक्के बांधकाम करणे हेही कारण आहे. मात्र स्वयंपाकाचा ओटा, लाकडी पार्टिशन, दार, हवेसाठी खिडकी किंवा एसी बसवणे याला कायदा पक्के बांधकाम मानत नाही. जिथे महापालिकेची परवानगी लागते तिथे ती मात्र घ्यायला हवी.

*नुकसान आणि उपद्रव.* जागेची हानी करणे, शेजाऱ्यांना सतत त्रास देणे, जागेचा बेकायदा वापर केल्याबद्दल शिक्षा होणे, ही कारणे कायद्यात आहेत. त्यांना ठोस पुरावा लागतो.

*पाडकाम आणि पुनर्बांधणी.* जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या बाबतीत आज हाच प्रश्न मोठा आहे. इमारत पाडून नवी बांधायची असेल, तर घरमालकाने आराखडे, पैशाची तजवीज आणि भाडेकरूंच्या सोयीबद्दलची हमी न्यायालयापुढे दाखवावी लागते. धोकादायक ठरलेली इमारत महापालिकेने पाडली, तरी इमारत गेली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. तरी जीव धोक्यात घालून राहू नका. घर सोडण्यापूर्वी खोलीचे मोजमाप, ती कोणाच्या ताब्यात आहे त्याची महापालिकेकडची नोंद, भाड्याच्या पावत्या आणि नव्या इमारतीतल्या जागेचा नोंदवलेला करार, हे सगळे हातात घ्या. बिल्डरच्या माणसाने दिलेल्या साध्या कागदावर सही करून चावी देऊ नका.

नोटीस आली की काय करावे

पहिले, ती घ्या. “आम्ही नोटीस घेतलीच नाही” असे अभिमानाने सांगणारे मला भेटतात. योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस नाकारली, तरी बहुधा ती बजावली गेली असेच धरले जाते. दिवस मोजायला सुरुवात होते, आणि आत काय लिहिले आहे हे तुम्हालाच ठाऊक नसते.

दुसरे, पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा आणि पाकीट जपून ठेवा. दिवसांचा हिशेब पुढे याच तारखेवरून लागतो.

तिसरे, लेखी उत्तर द्या. थकबाकी खरी असेल तर भरा. रक्कम चुकीची असेल, तर किती देणे लागता ते लिहा आणि तेवढी तरी रक्कम भरा. घरमालक भाडे घेत नसेल, तर बँकेतून किंवा पोस्टाने मनी ऑर्डरने पाठवा आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेली पावती जपून ठेवा. भाडे मिळाल्याची पावती देणे हे घरमालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. ती मागायला संकोच करू नका.

चौथे, भाडेपावती वडिलांच्या नावाची असेल आणि वडील हयात नसतील, तर घाबरू नका. राहत्या जागेत भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळतो. मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, मतदार यादीतली नोंद यांच्या प्रती एकत्र ठेवा. भावंडांत कोण भाडेकरू राहणार हे आपसांत ठरवून लेखी कळवा. नाहीतर तो वाद घेऊनही न्यायालयात जावे लागते.

समन्सपासून बेलिफपर्यंत

दाव्याचे समन्स आले की पहिल्या तारखेला हजर राहा. वकीलपत्र द्या आणि ३० दिवसांत कैफियत, म्हणजे आपले लेखी म्हणणे, दाखल करा. कारण दाखवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवून मागता येते. गैरहजर राहिलात तर एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि उशिराचे पटेल असे कारण सांगावे लागते.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. १५१०० या हेल्पलाइनवर माहिती मिळते.

हुकूमनामा विरोधात गेला, तर ३० दिवसांत अपील करता येते. अपील दाखल केल्याने ताबा आपोआप थांबत नाही, स्थगिती मागावी लागते. ती देताना अपील न्यायालय बाजारभावाच्या जवळपास रक्कम दरमहा भरायला सांगू शकते. अनेकांची फसगत इथे होते. महिना २०० रुपये भाडे देत आलेल्या माणसाला एकदम हजारो रुपये भरावे लागतात.

घरमालकाने दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली की न्यायालय ताब्याचे वॉरंट काढते. बेलिफ पंचांना घेऊन येतो, सामानाची यादी करतो, पंचनाम्यावर सह्या घेतो. मी अशा काही दिवसांचा साक्षीदार आहे. एका खोलीत एक आजोबा भिंतीवरच्या तसबिरी एकेक उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळत होते आणि बेलिफ शांतपणे यादीत लिहीत होता: ‘पितळी पातेले एक, लोखंडी कॉट एक.’ त्या कुटुंबाला शेवटच्या टप्प्यावर मुदत मागता आली असती. अमुक महिन्यांत जागा रिकामी करून देतो अशी लेखी हमी दिली, की न्यायालये बहुधा वाजवी वेळ देतात. पण तसे विचारायलाच कोणी गेले नव्हते.

कोणी कुलूप लावले तर

न्यायालयाच्या आदेशाशिवाय घरमालकाने किंवा त्याच्या माणसांनी कुलूप बदलले, सामान बाहेर काढले, तर आधी पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि तिची पोहोच घ्या. त्यानंतर विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. या दाव्यात मालकी कोणाची याचा विचार होत नाही. तुमचा ताबा होता आणि तो कायद्याचा मार्ग सोडून हिरावला, एवढे सिद्ध झाले की ताबा परत मिळतो. सहा महिने फार लवकर जातात, म्हणून पहिल्याच आठवड्यात हालचाल करा.

पाणी तोडणे, वीज बंद करणे, जिन्यातला दिवा काढणे, लिफ्ट बंद पाडणे हे सगळे जागा सोडायला भाग पाडण्यासाठी केले जाते. भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २९ ते गुन्हा ठरवते आणि न्यायालयाकडून सेवा परत सुरू करून घेता येते. नळ बंद असल्याचे तारीख-वेळेसह फोटो काढा, शेजाऱ्यांची नावे लिहून ठेवा.

घरमालकांसाठीही

यात सगळे घरमालक खलनायक असतात असे मी मानत नाही. पेठेतल्या एका वाड्याच्या मालकाचा मुलगा बायको-मुलासह गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहत होता, कारण खालच्या पाच खोल्या महिना ६० ते ९० रुपयांच्या भाड्याने गेल्या होत्या. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. हे अन्यायाचे आहे असे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले होते. त्या गृहस्थांनी वैतागून एका भाडेकरूचा नळ तोडला आणि न्यायालयात स्वतःच आरोपी म्हणून उभे राहिले. खरी गरज सिद्ध करणारे सगळे त्यांच्याकडे होते, पण दाव्याची सुरुवात त्यांनीच बिघडवली.

म्हणून करार लेखी करा आणि नोंदवा. कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदलेला करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे ठरवायचा भार तुमच्यावर येतो. नोंदणी आता ऑनलाइनही करता येते. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपण्याआधी दोन महिने लेखी कळवा. मुदत संपल्यावर करार न वाढवता भाडे घेत राहू नका. थकबाकीची नोटीस देताना रक्कम महिनावार लिहा. एका चुकीच्या आकड्यावर दावा लटकतो. आणि कितीही राग आला तरी कुलुपाला हात लावू नका.

तडजोडही करून पाहा. न्यायालयात सुरू असलेल्या खटल्यात मध्यस्थामार्फत किंवा लोकअदालतीत जागा सोडण्याची तारीख, रक्कम आणि थकबाकी ठरवता येते. तिथे झालेल्या समझोत्याला हुकूमनाम्याइतकेच बळ असते.

देव्हाऱ्याखालच्या पाकिटाच्या बाई, त्यांचे पुढे काय झाले ते सांगतो. नोटिशीतले ९० दिवस गेले असले तरी समन्स अजून आले नव्हते. ते आले त्या दिवशी त्या थेट माझ्याकडे आल्या. पाटल्या गहाण ठेवून त्यांनी सगळी थकबाकी आणि व्याज समन्सनंतरच्या चाळीसाव्या दिवशी न्यायालयात भरले. दावा तीन वर्षे चालला. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत त्या स्वतः चलन भरायच्या आणि पावती बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. उलटतपासणीच्या दिवशी तो डबा त्यांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सोबत नेला होता. छत्तीस पावत्या, एकही महिना चुकलेला नाही. दावा फेटाळला गेला.

तुमच्याकडे असा डबा नसेल तर आज एक रिकामा डबा शोधा. त्यात करार ठेवा, पावत्या ठेवा, आणि आलेले प्रत्येक पाकीट उघडून, वाचून, त्यावर तारीख टाकून ठेवा.